लाल ड्रमाची गाडी

लालासाहेबाची फियाट कुंडल गावात आली त्या दिवशी गुंडाला जेवण गेलं नाही. पोट बिघडलंय म्हणाला. साळूबाई त्याची बायको, त्या पोटाची नाडी तिला पक्की ठाऊक. ताट उचलता उचलता ती म्हणाली, "तुमच्या पोटात जे दुखतंय ते पांढरंफेक शेजारच्या दारात हुबं हाय."

लालासाहेब गुंडाचा धाकटा चुलत भाऊ. दोघांच्या अंगणांमध्ये फक्त एक कमरेएवढी भिंत. दुष्काळ संपून दोन वर्षं झाली होती, उसाला बरे दिवस आले होते, आणि सांगलीच्या कुणा हळदीच्या व्यापाऱ्यानं नवी गाडी घेताना जुनी फियाट लालाला विकली होती. लाला भला माणूस. भोळा, हसतमुख, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. गुंडाला खुपायचं ते हेच. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, त्याला शिव्या घालता येतात. लालाला शिव्या घालायच्या तर कशाबद्दल घालायच्या? त्याच्या विहिरीला पाणी लागलं म्हणून?

गुंडानं जन्म पलटणीत काढला होता. बर्फात ट्रक चालवले, वाळवंटात चालवले, आणि पेन्शनीत आल्यावर पुण्याला लिलावात निघालेली एक जुनी जीप घेऊन गावी आला. ती घेतली त्यालाही कारण होतं. गुंडाला मूलबाळ नव्हतं. त्याची सख्खी बहीण लीलाबाई गावातच दिलेली, तिची पोरगी मालन हाच त्याचा जीव. मालन गुडघ्याएवढी असताना तो रजेवर आला की तिला खांद्यावर घेऊन सांगायचा, "तुज्या लग्नात तुला मामा सोताच्या गाडीतनं न्हेणार." ते लग्न आता ठरलं होतं. मुलगा सांगलीचा, लग्नही सांगलीला नवऱ्या मुलाच्या दारात. वऱ्हाड ट्रकनं जाणार आणि नवरी मामाच्या गाडीतून. यात कुणाला काही विचारायचं आहे असं गुंडाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण फियाट आली आणि त्याची झोप उडाली. कारण लालाही मामाच होता की. चुलत असला म्हणून काय झालं?

जीपकडं बघितलं की गुंडाला आता तिचा रागच यायचा. पत्रा चेपलेला, रंग उडालेला, बसायला बाकडं. सगळी गाडी रंगवून घ्यायची तर गॅरेजमध्ये महिनाभर अडकणार. मग त्याला पलटणीतली युक्ती आठवली. साहेब लोकांच्या जीपचे ब्रेकचे ड्रम लाल रंगवलेले असायचे. ड्रम म्हणजे चाकाच्या पोटात बसणारा लोखंडी डबा. चाक फिरायला लागलं की चाकाच्या भोकांतून तो लाल रंग लखलखायचा, आणि बघणाऱ्याची नजर चेपलेल्या पत्र्यावर जायचीच नाही.

त्यानं सांगलीहून ऑइलपेंटचा डबा आणला. अंगणात जॅक लावला, चाकं काढली, ड्रम काढले, रॉकेलनं धुतले, पॉलिश पेपरनं लोखंड दिसेस्तोवर घासले. मग प्रत्येक ड्रमाच्या तोंडात जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले. हे बोळे महत्त्वाचे. रंग मारायचा तो बाहेरून. आत ब्रेकचे लायनर घासतात, त्या घासण्यानंच गाडी थांबते. आत रंग गेला तर लायनर नुसते घसरतात आणि ब्रेक असून नसल्यासारखा. पलटणीत आत रंगाचा ठिपका दिसला तर उस्ताद कानशिलात वाजवायचा, नंतर बोलायचा.

जीप गावातून फिरली आणि गुंडाचं पोट एकदम बरं झालं. पारावरची माणसं वाकून चाकात बघायला लागली. "आयला, गड्या, ह्ये काय केलंस?" म्हणायला लागली. मालन धावत येऊन म्हणाली, "मामा, लय झ्याक!" गुंडा चार दिवस मिशीत हसत होता. फियाट दारात नुसती उभी होती आणि तिच्याकडं कुत्रंही बघत नव्हतं.

पाचव्या दिवशी लाला भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला.

"दादा, तुजा ह्यो लाल रंग काय दिसतुया रं! माज्या बी गाडीला मारू म्हंतो. लगीन हाय, दोनी मामांच्या गाड्या सारख्या दिसतील. कसा मारायचा सांग की."

गुंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. फियाट आहे, ऊस आहे, विहीर आहे, आणि आता माझा रंगही पाहिजे याला! पण लाला इतक्या आपुलकीनं विचारत होता की नाही म्हणायला तोंड उघडेना.

"त्यात काय सांगायचं? चाक काढायचं, ड्रम काढायचा, घासायचा आन् रंग मारायचा."

"बास?"

"बास."

आणि उरलेला रंगाचा डबा त्यानं भिंतीवरून लालाच्या हातात दिला. वर आणि उदार!

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून लालाच्या शिट्टीचा आवाज आला. गुंडानं मान वर केली. फियाट विटांवर चढवलेली, चारही ड्रम ओळीनं मांडलेले, आणि लाला मांडी घालून एका ड्रमाच्या आतून ब्रश फिरवत होता. मन लावून, कोपरा न सोडता. लायनरसुद्धा रंगवून वाळत ठेवले होते. लालाचं कामच तसं, हातचं राखून काही करायचा नाही.

"दादा," तो वर बघून म्हणाला, "म्या म्हणलं आतनं बी मारावा. काम करायचं तर पुरं करावं, न्हवं?"

गुंडाच्या तोंडात शब्द आला होता. आतनं न्हाई रं, एवढाच. जिभेच्या शेंड्यावर येऊन थांबला. त्याला दिसलं ते असं: लाला गाडी अंगणात काढतोय, ब्रेक लागत नाही, गाडी हळूच शेणाच्या ढिगात जातेय, गाव हसतंय, आणि फियाट दुरुस्तीला सांगलीला ओढून नेतायत. कुणाला इजा नाही, काही नाही. फक्त लग्नाच्या दिवशी फियाट गावात नाही.

"झ्याक चाललंय," गुंडा म्हणाला आणि घरात गेला.

मग तो वाट बघत बसला. आज धडकेल, उद्या धडकेल. पण पलीकडून ना आवाज ना आरडाओरडा. कारण लालानं गाडी हलवलीच नव्हती. नव्या रंगावर धूळ बसू नये म्हणून चाकं चढवून त्यानं तिला गोधड्यांत गुंडाळून ठेवली होती. लग्नादिवशीच काढायची म्हणे. गुंडाला दोनदा वाटलं, सांगावं. दोन्ही वेळा तो भिंतीपर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा लालानं इतकं हसून "ये की दादा, च्या घे" म्हटलं की हा आणखी चिडून परत आला. मनाची समजूत काढायला माणसाला फार लागत नाही. रंगच तो, निघून जाईल घासून, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उस्तादानं उगाच थोबाडीत मारल्या नसतील, हे मात्र स्वतःला आठवू दिलं नाही.

लग्नाच्या सकाळी गुंडा जीप धुऊन, हार घालून लीलाबाईच्या दारात गेला. ट्रक भरत होता. लीलाबाईचा नवरा मानसिंग लगबगीनं पुढं आला आणि जीपमध्ये भांड्यांचा हारा ठेवायला लागला.

"दाजी, ह्ये काय? नवरी कुटं बसायची?"

मानसिंगनं जरा खाली बघितलं. "आवं, मालन फियाटीत जाईल. सांगलीची मानसं, जरा बरं दिसंल म्हनून... तुमची जीप हायच की आहेराला."

गुंडाच्या कानात कुणी तापलेलं तेल ओतल्यासारखं झालं. तेवढ्यात हॉर्न वाजवत फियाट आली. चारही चाकांत लाल रंग नुसता पेटला होता. लालानं मांडवाच्या दारात ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. हळूच, तुपावरून घसरावी तशी मांडव ओलांडून पुढं गेली आणि सरपणाच्या ढिगाला टेकून उभी राहिली. सगळे खोखो हसले. लालाही हसत उतरला.

"नवा रंग हाय," तो म्हणाला, "ब्रेक बसंल हळूहळू."

हसला नाही तो एकटा गुंडा. सांगलीचा रस्ता त्याला डोळे मिटून दिसत होता. ओढ्याचा उतार, रेल्वेचं फाटक, आणि मग नदीच्या पुलाकडं उतरत जाणारं ते लांब वळण. तरीही तो लगेच बोलला नाही. मालनला बाशिंग बांधून बाहेर आणलं, रडारड झाली, ती फियाटीत बसली, दार लागलं. लालानं गाडी सुरू केली तेव्हा कुठं गुंडा पुढं झाला आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभा राहिला.

"ही गाडी जायची न्हाई. हिचा ब्रेक गेलाय."

 मग ट्रकमधून एक म्हातारी फिसकारली, "नवरी दुसऱ्याच्या गाडीत बसली की मामाला ब्रेक दिसाय लागलं!" पुन्हा हशा. साळूबाईनं येऊन त्याचा हात धरला. "आजच्या दिस तरी जळू नगासा. लोकं बघत्यात."

"जळत न्हाई मी, खरं सांगतुय! ड्रम आतनं रंगवल्यात त्येनं. लायनर बी रंगवल्यात. उताराला थांबायची न्हाई गाडी."

"आतनं रंगवल्यात ह्ये तुला काय ठावं?" मानसिंग आता चिडला होता. घटका जवळ येत चालली होती.

"म्या बघितलंय."

लाला गाडीतून उतरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. "व्हय, दादानं बघितलंय. तवा तूच झ्याक म्हणलास की दादा. मग बोल्ला का न्हाईस?"

सगळं अंगण गुंडाकडं बघत होतं. अजूनही सुटायला वाट होती. विसरलो म्हणता आलं असतं, आत्ताच ध्यानात आलं म्हणता आलं असतं. पण मग मघाचीच गत, कुणी विश्वास ठेवला नसता, आणि मालन त्या गाडीतच बसून गेली असती.

"मुद्दाम बोललो न्हाई," तो म्हणाला. "तुजी गाडी बंद पडावी आन् मालन माज्या गाडीत बसावी म्हनून. तुजं बघवत न्हवतं मला, लाला. कवाच बघवलं न्हाई."

आता कुणी हसलं नाही. पोटातलं इतकं घाणेरडं उगीच कुणी चारचौघांत काढत नाही, हे त्या म्हातारीलाही कळलं.

लीलाबाई पुढं आली. भावाकडं न बघता तिनं फियाटीचं दार उघडलं, मालनला हात धरून उतरवलं आणि जीपजवळ नेलं. मानसिंगनं भांड्यांचा हारा खाली काढला. मालन जीपमध्ये बसली. गुंडाला जे हवं होतं ते असं मिळालं.

तो स्टिअरिंगवर बसायला निघाला तशी लीलाबाई बोलली, पहिल्यांदा.

"दादा, तू गाडी चालीव. तुज्यासारखा डायवर पंचक्रोशीत न्हाई. पर पोरीच्या पाठीमागं मामा म्हनून आज लालासाहेब हुबा ऱ्हाईल."

गुंडानं मान डोलावली.  लाला अवघडून त्याच्या शेजारी बसला. मालन सगळी वाट बाहेरच बघत होती. नदीच्या उताराला गुंडानं ब्रेक दाबला आणि जीप जिथल्या तिथं, शहाण्या बैलासारखी थांबत गेली. कुणी झ्याक म्हटलं नाही.

सांगलीला मांडवात अंतरपाट धरला. लाला मालनच्या मागं उभा राहिला, तिच्या खांद्यांवर हात ठेवून, आणि त्यानं गर्दीत मान उंचावून गुंडाला शोधलं. दिसला तसा हातानं खुणावलं, "ये की दादा, दोघं हुबं ऱ्हाऊ." मनापासून बोलावत होता बिचारा. त्याच्या डोळ्यांत सकाळचं काही नव्हतं.

गुंडाच्या पोटात कळ उठली. फियाट बघून उठली होती त्याहून मोठी. ऊस, विहीर, गाडी, हे सगळं नशिबानं मिळतं, एखाद्या दिवशी आपल्यालाही मिळेल म्हणता येतं. पण हे असं माफ करणं त्याला कुठून मिळालं? ते आपल्याला सात जन्मांत जमणार नाही, हे गुंडाला पुरतं कळलं, आणि त्या वेळी त्याला लालाचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता.

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. भटजींनी सावधान म्हटल्यावर वऱ्हाडाच्या ट्रकच्या ड्रायव्हरशेजारी उभं राहून त्यानं अक्षता टाकल्या. त्या पुढच्या माणसांच्या पागोट्यांवर पडल्या, मालनपर्यंत काही पोहोचल्या नाहीत.