साच्यात अडकलेली पुंगळी

मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. काडतुसातली गोळी उडून गेली की मागे रिकामी उरते, ती मी. लोक मला कचरा समजतात. समजू देत बापडे!

मित्रांनो, नॉर्वेतल्या आमच्या दरीत हालवर नावाचा शिकारी राहायचा. मूस नावाच्या अजस्र हरणाच्या शिकारीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तो मला कधी फेकत नसे. बार उडाला की मी पोटभर जेवलेल्या माणसासारखी फुगते आणि पुन्हा बंदुकीत नीट बसत नाही. म्हणून हालवर मला जरा चरबी चोळायचा, पोलादी साच्यात घालून दाबायचा, आणि मी पुन्हा सडपातळ! मग नवी दारू, नवी गोळी. अशी मी अकरा वेळा नवी झाले. "पोरी, अजून दम आहे तुझ्यात," असं तो म्हणायचा तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

हालवर गेला आणि त्याच्या दोन लेकरांनी सामान वाटून घेतलं. थोरल्या लेकीला, बोर्गहिलला, बंदूक, दाबायचं यंत्र आणि आम्ही वीस पुंगळ्या मिळालो. धाकट्या भावाने, स्टेइनारने, साचा तेवढा खिशात घातला. झालं! यंत्र नदीच्या या काठावर, साचा त्या काठावर. दोघांचीही साठी उलटलेली, पण नऊ वर्षं एकमेकांशी बोलणं नाही. बोर्गहिलला दुसरा साचा सहज आणता आला असता. पण मग बापाचा साचा स्टेइनारचाच, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ती दुकानातून तयार काडतुसं आणायची आणि आम्ही कॉफीच्या डब्यात काळ्या पडत होतो. फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी दुकानातली त्या मापाची काडतुसंच संपली. शिकारीआधी इथे दरवर्षी नेमबाजीची परीक्षा असते, त्याशिवाय शिकारीला जाता येत नाही. पाच गोळ्या, पाचही वर्तुळात बसायला हव्यात. शेवटची परीक्षा दोन दिवसांवर आली होती. ती हुकली तर तळ्याकाठची शिकारीची जी जागा बोर्गहिलने एकतीस वर्षं राखली, ती दुसऱ्या कुणाला मिळणार होती. तिने हे कुणालाच सांगितलं नाही. पण आमच्या दरीत काय लपतंय! दुपारी स्टेइनार दारात हजर.

"साचा देणार नाही," तो म्हणाला. "मी स्वतः बसून दाबणार. आणि बोलणार नाही."

"तुला बोल म्हटलंय कुणी? कॉफी घेणार?"

"वॅफल असतील तर."

बोर्गहिलने आम्हाला घासून लख्ख केलं. ती चरबी लावून एकेक पुंगळी पुढे करायची, तो यंत्राचा दांडा ओढायचा. चार पुंगळ्या होईपर्यंत सगळं शांत होतं. मग ती म्हणाली, बापाचा साचा पळवलास. तो म्हणाला, बंदूक कुणी उचलली? आवाज चढले, आणि त्या नादात मी तशीच कोरडी साच्यात गेले.

आई गं! अशी रुतले की विचारू नका. स्टेइनारने जोर लावला तर माझी कड तुटली आणि मी आतच राहिले. साचाच अडला, आता दुसरी कुणी आत जाणार कशी? तयार पुंगळ्या चार, लागणार होत्या पाच.

नऊ वर्षं जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत आला होता. आता खापर कुणावर फुटतं, याची मी वाट पाहत होते.

"चरबी लावायचं काम माझं होतं," बोर्गहिल म्हणाली. "चुकले मी."

स्टेइनारने दांड्यावरचा हात काढला. "ती हाताला कोरडी लागली होती," तो म्हणाला. "मला कळलं होतं. तरी रागात ओढला मी."

मग त्याने ड्रिल आणलं. माझ्या बुडाला भोक पाडलं, त्यात आटे पाडले, बोल्ट फिरवला आणि मला ओढून काढलं. दुखलं, खोटं कशाला सांगू! भोक पडलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही, हेही मला माहीत होतं. पण साच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. तेवढ्यात जळका वास आला. शेगडीवरच्या वॅफलचा पार कोळसा झाला होता, आणि ती दोघं पोट धरून हसत होती. ते हसू ऐकून मला माझं दुखणंही आठवेना. उरलेल्या पंधरा जणी चरबी माखून झरझर साच्यातून निघाल्या.

परीक्षेला बोर्गहिलने मला कोटाच्या खिशात घेतलं. पाच बार झाले, पाचही गोळ्या वर्तुळात! स्टेइनार गवतात गुडघे टेकून तिच्या गरम पुंगळ्या वेचत होता. साचा घरी यंत्रावरच राहिलाय, घेऊन जा, असं तिने त्याला सांगितलं.

"राहू दे तिथेच," तो म्हणाला. "दरवर्षी कोण काढघाल करत बसणार?"

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. वस्तूंना जपा, वेळच्या वेळी चरबी लावा. आणि दांडा ओढताना हाताला कोरडं लागलं, तर तिथेच थांबा.