अजून जन्माला यायचीय

लिफ्टवाल्याने एकच चूक केली. घराची किल्ली ताईकडे दिली.

म्हणजे बघा, सख्खी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच याला वाढवलं, आणि हे ती याला दर जेवणाला ऐकवते. तिला तो एवढंच म्हणाला होता, "ताई, उद्या बाळाला सोडतायत. जरा झाडून-पुसून ठेवशील?" आता ताईला एवढंच सांगणं म्हणजे गावभर भोंगा फिरवणं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने खोल्या झाडल्या, फरशी पुसली आणि अख्खं खानदान बोलावलं.

इकडे दवाखान्यात सगळं शांत. अतिदक्षता विभागातल्या सिस्टर प्रत्येक मुलीला मॅडम म्हणायच्या आणि प्रत्येक मुलाला साहेब. यांची मॅडम तारखेच्या खूप आधी टपकली होती. काचेच्या पेटीत राहिली, नाकात नळी, पायाला लाल दिवा, शेजारी सतत टुकटुकणारं मशीन. आता नळी निघाली, पेटी सुटली. फक्त मशीन सोडून जायचं होतं, आणि लिफ्टवाला त्याच्याजवळून हलेना.

"हे घरी नाही का मिळत?" त्याने विचारलं.

"आता मशीन तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध पाजताना घाई करायची नाही. कधीकधी पिता पिता श्वास घ्यायचं विसरते. ओठांकडे बघायचं. निळसर वाटले की चमचा बाजूला, तिला उभी धरायची, पाठ चोळायची, आणि आम्हाला कळवायचं. आणि घरात गर्दी नको. साधी सर्दी झाली तरी परत इथेच यावं लागेल, कळलं? वय मोजताना करेक्टेड वय मोजा. ज्या तारखेला जन्मायला हवी होती, तिथून."

"पण डॉक्टर, ती तारीख अजून आलीच नाही."

"मग त्या हिशोबाने अजून जन्मायचीय तुमची मुलगी," म्हणून त्या हसल्या. बायको हसली नाही. ती बाळाच्या ओठांकडे बघत होती.

लिफ्टवाल्याच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नाही. त्यावर लोकांनी त्याला इतके टोमणे मारलेत की तो आता ऐकतच नाही. जिना चढून वर आले तर दारात चपलांचा ढीग. दार सताड उघडं. आत फुगे. भिंतीवर चमकीचा कागद. हवेत कसला तरी गुलाबाचा फवारा मारलेला, नाकात झणझणणारा.

बायको उंबऱ्यावरच थांबली. त्याच्याकडे बघून हळूच म्हणाली, "किल्ली तूच दिलीस ना?"

त्याने मान खाली घातली. या माणसाने आयुष्यात ताईला एकदाही नाही म्हटलेलं नाही. लग्नातला सूटसुद्धा ताईच्या पसंतीचा. जांभळा.

"आलीस का गं बाई!" ताई हात पसरून आली. "आण, आण, आत्याकडे आण!"

"ताई, डॉक्टरांनी गर्दी नको सांगितलंय," बायको म्हणाली.

"बरोब्बर सांगितलंय!" ताई मागे वळून ओरडली. "ए, गर्दी करू नका रे! सरका मागे सगळे! कळत नाही का? हं, आता दे."

सगळे माना डोलावत अर्धं पाऊल मागे सरकले आणि एक पाऊल पुढे आले. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सगळ्यांत पुढे. त्यांना खोकल्याची उबळ आली. मुठीत खोकले आणि तीच मूठ उघडून बाळाच्या गालाकडे नेली. बायकोने बाळ फिरवलं.

"अहो, हा खोकला नाही," भाऊजी म्हणाले. "ही ॲलर्जी आहे."

"किती महिन्यांचा आहे?" कुणीतरी विचारलं.

"खोकला?" बायको म्हणाली आणि सरळ आतल्या खोलीत गेली.

बाहेर मत-प्रदर्शन सुरू झालं. मावसभाऊ फोन वर धरून सगळं टिपत होता आणि मधेच स्वतःचंच तोंड टिपत होता. एक काकू म्हणाल्या, उंदराएवढी आहे. दुसऱ्या म्हणाल्या, नाही हो, उंदीर बरा असतो. दवाखान्यात एकदाही न फिरकलेले लोक दवाखान्यावर बोलत होते. जिथे बायको रोज काचेला नाक लावून उभी होती, तिथे यांच्यातल्या एकालाही पार्किंग मिळालं नव्हतं म्हणे.

लिफ्टवाला हे सगळं बघत होता आणि त्याला त्याच्या धंद्यातली गोष्ट आठवली. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की ती चिरकते आणि जागची हलत नाही. नियम साधा, शेवटी चढला त्याने उतरायचं. पण आजवर एकही माणूस आपणहून उतरलेला त्याने पाहिला नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पोटाकडे बघतो. गर्दी म्हणजे नेहमी बाकीचे. इथेही तेच. एकेक जण त्याला कोपऱ्यात घेऊन सांगत होता, "अरे, एवढी माणसं कशाला बोलावलीस? बाळाला बरं नाही." आणि सांगून परत जाऊन बसत होता. केक कापायचा होता ना.

मग ताई आतल्या खोलीत घुसली. तिच्या मागे भाऊजी, भाऊजींच्या मागे मावसभाऊ आणि फोन. लिफ्टवाला कसाबसा शिरला. बायको पलंगावर बसून चमच्याने दूध पाजत होती, थेंब थेंब.

"अगं, अशाने कधी पोट भरायचं? दे, मी पाजते. याला मी वाढवलंय," ताई म्हणाली आणि चमच्याला हात घातला. "इकडे बघ रे, आत्याकडे बघ, हाय कर!"

दूध जरा जास्त सांडलं. बाळ थांबलं.

रडलं नाही, खोकलं नाही. नुसतं थांबलं. ताई कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. लिफ्टवाल्याने ओठांकडे बघितलं. ते पेन्सिलीच्या शिशाच्या रंगाचे होत होते. टुकटुक करायला काहीच नव्हतं.

बायकोने चमचा फेकला. बाळाला उभं धरलं, पाठ चोळली, चोळत राहिली. मग एक बारीक उचकी लागली, आणि मॅडम चिडून किंचाळल्या. तोंडावर लाली परत आली.

"झालं!" ताई म्हणाली. "उचकी लागली. कुणीतरी आठवण काढली असेल."

भाऊजी खोकले. ॲलर्जी.

लिफ्टवाल्याने मावसभावाचा फोन खाली दाबला. त्याचा आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"ताई, चला. सगळे बाहेर."

"काय?"

"कार्यक्रम नाहीये. बाळ अजून जन्मलं नाही."

"मग हिच्या मांडीवर काय आहे? भोपळा?"

"डॉक्टरांच्या हिशोबाने अजून जन्मायचीय. जन्मली की कळवतो. तोवर आईच्या पोटात असल्यासारखं धरायचं. पोटात जाऊन खोकता का कुणी?"

"बायकोने शिकवलं का हे बोलायला?"

"नाही. ती तर मला गाढव समजते. बरोबर समजते."

ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने याला वाढवल्याचं सगळं सांगितलं, पहिल्या दातापासून. तो ऐकत होता आणि भाऊजींच्या कोपराला धरून त्यांना दाराकडे ढकलत होता. काकूंना ढकलायची गरज पडली नाही, केक बरोबर नेऊ दिला तेवढंच. ताई शेवटी उतरली. जिन्यातून तिचा आवाज येत होता: "परत पाय ठेवला तर नाव बदलेन!"

दार लागलं. बायकोने विभागात फोन केला. सिस्टर म्हणाल्या, आता गुलाबी आहे ना, पुन्हा नीट पितेय ना, मग लक्ष ठेवा. परत झालं तर फोनसुद्धा करू नका, सरळ घेऊन या. मग दोघांनी खिडक्या उघडल्या आणि तो गुलाबाचा फवारा बाहेर घालवला.

संध्याकाळपर्यंत फोन वाजायला लागले. ताईने घरी पोचायच्या आधीच बातमी पोचवली होती. बाळात काहीतरी मोठा दोष आहे, म्हणून दाखवत नाहीत. लपवतायत. बिचारे.

लिफ्टवाल्याने फोन उचलला. "थांब, आत्ता फोन करून तिची..."

"करू नकोस," बायको म्हणाली. दार लागल्यापासून त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. "एवढं चांगलं काम तिने आजवर केलं नव्हतं."

तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण. मान आत घालून, "नुसतं लांबून बघते हो, एकच मिनिट."

लिफ्टवाल्याने दार बोटभरच उघडं ठेवलं. चेहरा पाडला.

"या ना वहिनी. फक्त काय आहे, दोष आहे म्हणतात. लागणीचा. मोठ्या माणसांना जास्त धरतो."

शेजारणीने तोंडावर हात धरला आणि पायाला पाय लावून अशी पळाली की एक चप्पल तिथेच राहिली.

आत बायको बाळाच्या ओठांकडे बघत होती. नजर न काढता म्हणाली, "खालच्या मजल्यावर पण सांगून ये."

तो लगेच गेला.