मधेच घेतलेला श्वास

मी एक जुना सॅक्सोफोन आहे, मित्रांनो. पितळेचा, वाकड्या मानेचा आणि स्वभावाने जरा आगाऊ. माझा मुक्काम चारकोपला, सेक्टरातल्या एका बैठ्या घरात, कपाटावरच्या काळ्या पेटीत असतो. मी कोणत्या कारखान्यात घडलो ते सांगता येणार नाही, कारण अंगावरचा शिक्का केव्हाच झिजला. पण मला बोलतं कुणी केलं, ते मात्र पक्कं ठाऊक आहे. माझे मालक श्यामकांत, मूळचे मालवणकडचे, गिरणी कामगाराचा मुलगा.

मरोळच्या एका ख्रिस्ती मास्तरांकडे ते जॅझ शिकले. जॅझची गंमत अशी, की ओळ तीच असली तरी ती कालच्यासारखी वाजवायची नसते. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं, की लग्नाच्या ऑर्केस्ट्रात साधं गाणं वाजवतानाही ते मधेच वाट सोडून भटकून यायचे. ऑर्केस्ट्राचा मालक कपाळाला हात लावायचा. मी मात्र खूश असायचो. ते मला गळ्यात अडकवायचे तेव्हा माझ्या पितळेला त्यांच्या छातीची ऊब लागायची. ती ऊब मला आजही हवीहवीशी वाटते.

पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला. त्यांची मुलगी गार्गी मोठी झाली आणि नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करू लागली. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात तिचा छोटा स्टुडिओ आहे. एका दुपारी तिने आम्हा दोघांना तिथे नेलं आणि म्हणाली, "बाबा, काहीही वाजव. मी माइक लावलाय."

श्यामकांतांनी एक नवीच ओळ काढली. पण वय झालेलं. ओळीच्या मध्यावर दम संपला, त्यांनी मोठ्याने श्वास घेतला आणि मग ती पुरी केली.

"दम लागला गो. खोडून टाक ते," ते म्हणाले.

"खोडते कसली? तो श्वासच तर झकास आहे."

गार्गीने त्या ओळीखाली नाचाचे ठोके घातले आणि श्वासापाशी मात्र सगळे काढून टाकले. नाचणाऱ्यांचे पाय तिथे क्षणभर अधांतरी राहायचे आणि मग दणक्यात खाली यायचे. असं आधी कुणी ऐकलं नव्हतं. गाणं तुफान चाललं आणि माझी मान आणखी ताठ झाली.

मग नकला सुरू झाल्या. दहिसरच्या हळदीत, जिममध्ये, रिक्षात, मोबाइलवर, जिकडेतिकडे तीच ओळ. माझा आवाज मशीनवर बनवलेला आणि श्वासही तसाच. पण तो श्वास कुणी घेतलेलाच नव्हता. मला फार परकं वाटायचं.

त्यातच घाटकोपरच्या एका सोसायटीने वार्षिक पूजेच्या कार्यक्रमाला श्यामकांतांना बोलावलं. त्यांनी तीच ओळ वाजवली, पण सवयीप्रमाणे वेगळी, वळसा घालून, श्वासही दुसरीकडे घेऊन. नाचणाऱ्यांचे पाय चुकले. सोसायटीचा निहार माइक सांभाळत होता. तो अगदी प्रेमाने म्हणाला, "काका, थोडं चुकतंय. ओरिजिनल एकदा नीट ऐका ना."

ती ओळ यांचीच आहे, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. श्यामकांतांनी मान डोलावली आणि मला गळ्यातून उतरवलं.

घरी आल्यावर मात्र त्यांनी एक भलतीच गोष्ट केली. गार्गीचं गाणं लावून ते स्वतःचीच नक्कल करू लागले. ठरलेल्या जागी, दम शिल्लक असतानाही, श्वास घ्यायचा. आयुष्यभर आडवाटेने गेलेला माणूस आखलेल्या रेघेवरून चालू लागला आणि तिथेही अडखळला. एका सकाळी त्यांनी मला पुसलं, पेटीत ठेवलं आणि कड्या लावल्या. मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

अंधारात एकच विचार यायचा, की आता हे मला पुन्हा कधी फुंकणारच नाहीत.

आज गार्गीने पेटी खाली काढली. "बाबा, नवीन गाणं केलंय. मधे तुझ्यासाठी जागा सोडलीय."

"माझा आवाज आहे ना मशीनमधे? तोच चिकटव."

"तो सगळ्यांकडे आहे, बाबा. तू फक्त माझ्याकडे आहेस."

श्यामकांतांनी पेटीकडे पाठ फिरवली. गार्गीने मला उचललं आणि स्वतःच फुंकलं. काय सांगू, शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"अगो, बदक पिळतेस काय?" श्यामकांत हसले. किती दिवसांनी हसले. "तोंडाची बोरूची पत्ती सुकलीय त्याची. आधी ओली करायची असते. आण इकडे."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य पडून असेल तर त्याला नुसतं पुसू नका. चुकतमाकत का होईना, वाजवा. आणि ते वाजवणारं माणूस घरात असेल, तर त्याला कालच्यासारखंच वाजवायला सांगू नका.

पत्ती श्यामकांतांनी तोंडात धरून ओली केली आहे, माझ्या तोंडाशी बसवलीही आहे. मला अजून त्यांनी गार्गीच्या हातात परत दिलेलं नाही.