दुहेरी कड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. वजनाने भारी आणि स्वभावाने जरा खडूस. माझी भिंगं घासणाऱ्या कारागिराने मला खोक्यात ठेवताना बजावलं होतं, "नीट बघ रे बाबा!" तेव्हापासून एका रुग्णालयाच्या तपासणीच्या खोलीत, खिडकीजवळ बसून मी बघतोच आहे.

डॉक्टरबाईंचा माझ्यावर फार जीव. त्यांचा शिरस्ता एकच: आधी काच, मग कागद. रक्ताचा अहवाल पालथा ठेवूनच त्या काचेवरचा तुकडा बघतात. पुढे पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं आणि त्याचंच कोडकौतुक सुरू झालं. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या स्क्रूला तेल घालायलाही कुणाला सवड होईना.

एके दिवशी नवं यंत्र रुसलं आणि सगळ्यांना माझी आठवण झाली. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची छोटी ग्रंथी. तिचे बारा तुकडे तपासायला आले होते. तिच्यातल्या बारीक नळ्यांना पेशींची दुहेरी कड असते. बाहेरची कड नाहीशी झाली, की कर्करोगाची शंका येते. याच ग्रंथीचं पीएसए नावाचं प्रथिन रक्तात साधारण चारच्या वर गेलं, तरी शंका येते.

धाकट्या डॉक्टरांनी आधी कागद वाचला आणि मग माझ्यात डोकावून पाहिलं. "बाई, रक्तातलं पीएसए नऊ आहे. बाहेरची कडही दिसत नाही. कर्करोग लिहू?"

बाईंनी पाहिलं. पण माझा स्क्रू घसरत होता आणि चित्र सारखं पुसट होत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रक्तातला आकडा नुसतं दार वाजवतो, आत कोण आहे ते सांगत नाही," बाई म्हणाल्या. "असं पुसट बघून मी सही करणार नाही. घड्याळवाल्या काकांना बोलवा."

कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे काका माझे जुने वैद्य. पण आज त्यांच्या चिमट्यातून स्क्रू दोनदा निसटला.

"काका, बरं नाही का?"

"माझेच तुकडे आलेत ना इथे, मॅडम. दोन दिवस घास उतरत नाहीये."

बाईंनी पालथा कागद उचलून नाव वाचलं. त्या म्हणाल्या, "तेच बघायचेत. सावकाश होऊ द्या, मी थांबते."

काकांनी मेणासारखं घट्ट झालेलं तेल खरवडून काढलं आणि स्क्रू घट्ट बसवला. मग बाईंनी बाराही तुकडे पाहिले. कड होती! विरळ, पण होती. भोवती सुजेच्या पेशींची गर्दी झाली होती. बाईंनी तरीही खात्रीसाठी कड रंगवणारी वेगळी तपासणी केली. तिनेही तेच सांगितलं: कर्करोग दिसत नाही, सूज आहे. ते ऐकून काका लहान मुलासारखे रडले. मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडलो असतो.

औषधांनी पीएसए तीनवर आलं. तरी काका सांगितलेल्या वेळी रक्त द्यायला येतात आणि जाताना माझ्या स्क्रूला थेंबभर तेल घालतात.

मित्रांनो, लाजून दुखणं लपवू नका, आकड्याला घाबरून रडत बसू नका आणि आपल्या कामाच्या वस्तूंना धूळ खात ठेवू नका. काकांनी मला वेळीच दुरुस्त केलं नसतं, तर त्या दिवशी त्यांच्याच उपयोगी मला पडता आलं नसतं.

परवा तेल घालून झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ते हळूच म्हणाले, "नीट बघ रे बाबा."