सोडलेले गुण

आमच्या सोसायटीच्या क्रीडादिनात साठीपुढच्यांसाठी एकच खेळ ठेवला होता, संगीतखुर्ची. आयोजक आमचेच चिरंजीव. मी म्हटलं, "जन्मभर नर्स म्हणून वॉर्डात धावले, आता खुर्चीभोवती फिरू? माझं आणि कंडक्टरबाईंचं नाव बॅडमिंटनच्या दुहेरीत घाल."

"आई, तो खुला गट आहे. पडलीस तर?"

"तर उठेन."

कंडक्टरबाई माझ्या शेजारीण, बसच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. आम्ही रोज सकाळी पार्किंगमध्ये खेळतो. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या मला मुद्दाम जिंकू द्यायला लागल्या, तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्यातून एक नियम ठरला. कीव करून कोणी गुण सोडला, तर पुढची सर्व्हिस जाळीत मारून तो परत करायचा.

समोर कॉलेजातल्या दोन पोरी आल्या. मी मारलेलं शटलचं पहिलंच सोपं फूल एकीने जाळीत घातलं. म्हटलं, होते चूक. दुसरं तिने नुसतं पाहत राहून पडू दिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाळ पहिलं पाऊल टाकतं तेव्हा वाजवतात तशा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मी सर्व्हिस जाळीत मारली. पोरींनी पुन्हा गुण सोडला. या वेळी कंडक्टरबाईंनी जाळीत मारली.

मुलगा खुर्ची घेऊन धावत आला. "आई, दमलीस का?"

"यांना तूच सांगितलंस ना, सांभाळून खेळा म्हणून?"

त्याने मान खाली घातली. "काळजी वाटते गं."

"काळजी घरी कर. इथे मी खेळायला आलेय." मग पोरींकडे वळले. "सोडलेला प्रत्येक गुण असाच परत मिळेल. संध्याकाळपर्यंत चालू दे. आम्ही दोघी रिकाम्याच आहोत."

एकीला हसू फुटलं. तिने केस घट्ट बांधले आणि पुढचं फूल असं हाणलं की सणसणत माझ्या खांद्यावर बसलं.

"सॉरी, आजी!"

"सॉरी कसलं? खेळ!"

मग त्यांनी आमची धूळधाण उडवली. आम्ही सपाटून हरलो, पण पुढे जे सहा गुण मिळाले ते आमच्या घामाचे होते. कंडक्टरबाई तर असा तोरा मिरवत निघाल्या की जिंकलं कोण, ते लोकांना विचारावं लागलं.

रात्री खांदा काळानिळा झाला. मुलगा मलम घेऊन आला.

"राहू दे," मी म्हटलं. "चार दिवस दिसू दे."