मी विक्रीसाठी नव्हतो

मी एक बिननावाचा प्रोसेसर आहे. मित्रांनो, लॅपटॉपच्या पोटात बसून सगळी आकडेमोड करणारी बिस्किटाएवढी चकती असते ना, तीच मी. माझ्या भावंडांच्या पाठीवर त्यांचं नाव कोरलेलं असतं. माझ्या पाठीवर 'नमुना, विक्रीसाठी नाही' एवढंच कोरलंय. आणि तरी मी आजवर किती जणांच्या गळ्यात मारला गेलोय, काही विचारू नका.

माझा जन्मच मुळी चुका करण्यासाठी झाला. थट्टा नाही करत. खरा माल बाजारात येण्याआधी माझ्यासारखे थोडे नमुने बनवतात. त्यांना तापवतात, दमवतात आणि ते कुठे कोलमडतात ते बघतात. मी कोलमडलो की चाचणी घेणारी बाई खूश व्हायची. माझ्या चुका बघून पुढची भावंडं सुधारली, नावारूपाला आली. काम संपलं की आम्हाला मोडून टाकायचं, असा तिथला नियम. पण कुणीतरी मला भंगाराच्या खोक्यातून उचलून गुपचूप खिशात घातलं आणि मी बाजारात आलो.

फिरत फिरत मी एका घरी पोचलो. तिथे दोघंच राहायची, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. ताई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. संध्याकाळी सुजलेले पाय बादलीत सोडून अभ्यासाला बसायची. मोठ्या इस्पितळातल्या नोकरीची परीक्षा होती, घरूनच लॅपटॉपवर द्यायची. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. परीक्षा घेणाऱ्यांनी तिचा लॅपटॉप आधीच दुरून तपासून पास केला होता. आता त्यात काही बदलू नका, असंही बजावलं होतं.

पण जुना प्रोसेसर रडतखडत चालायचा. सराव करताना ताई वैतागायची, आणि धाकट्याला ते बघवेना. स्वस्तात वेगवान माल हुडकून काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही, अशी त्याची समजूत. त्याने मला मागवलं आणि दुरुस्तीवाल्याकडे नेलं. दुरुस्तीवाल्याने मला उलटसुलट करून पाहिलं. "बसवून देतो, पण याला नाव नाही. पुढचं तुझं तू बघ," असं म्हणून त्याने हात झटकले. धाकट्याने मान डोलावली. ताईला मात्र सांगितलं, आतली धूळ काढून आणली.

खोटं कशाला बोलू, मी पळालोही झकास. सरावाचे पेपर भराभर उघडायला लागले. ताईने धाकट्याच्या पाठीत कौतुकाने धपाटा घातला. मीही शेफारलो. वाटलं, आपलंही घर झालं बरं का.

परीक्षेच्या सकाळी ताईने खोलीचं दार लावलं, टेबल रिकामं केलं, कॅमेऱ्यापुढे ओळखपत्र धरलं. तिची ओळख पटली. मग परीक्षेच्या यंत्रणेने लॅपटॉपला त्याच्या प्रोसेसरचं नाव विचारलं. माझ्यापाशी नावाच्या जागी नुसती शून्यं आहेत. मी तीच सांगितली, दुसरं काय सांगणार? पडद्यावर लाल चौकट आली. तपासलेला लॅपटॉप हा नाही, फसवणुकीचा संशय, प्रवेश बंद.

ताईने मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. लॅपटॉप तोच आहे, मी काहीच बदललेलं नाही, असं ती पोटतिडकीने सांगत होती. दारात उभ्या असलेल्या धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती बोलता बोलता थांबली, त्याच्याकडे बघतच राहिली, आणि तिने फोन ठेवून दिला.

"मी खोटारडी ठरले रे," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मला राग येतो, मित्रांनो. चुका करायला बनवलेल्या वस्तूला निर्दोष म्हणून विकतात, आणि शिक्षा भोगते ती ताई. माझी जागा चाचणीच्या टेबलावर होती, नाहीतर भंगारात. तिथे मला राहू दिलं नाही.

आता धाकट्याने मला पुन्हा विकायला काढलंय. फोटोखाली लिहिलंय, 'वेग जबरदस्त, तक्रार शून्य.' तुमच्यापैकी कुणी घेणार असेल तर कृपा करून घेऊ नका. घेणारच असाल तर निदान एवढं विचारा, की इतका चांगला आहे तर विकताय कशाला. काल एकाने विचारलं होतं. धाकट्याने उत्तर लिहिलं, 'ताईला आता लॅपटॉप लागत नाही.'