ईदनंतर जा, काका

वग्दीकाकांच्या औषधाच्या एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. त्यांची मुलगी रिहाब बाटली आधी गरम पाण्यात बुडवायची, नखानं कागद खरवडून काढायची आणि मगच माझ्या हातात द्यायची. काकांना वाचता येतं ना! अलेक्झांड्रियाच्या टपाल खात्यात जन्म काढलेला माणूस तो.

"यकृताला सूज आहे, एवढंच त्यांना सांगितलंय," पहिल्याच दिवशी तिनं मला जिन्यात गाठलं. "कॅन्सर हा शब्द या घरात काढायचा नाही. इनशिराहताई, तुम्हाला तुमच्या आईची शपथ आहे."

असल्या शपथा मला नव्या नाहीत. बावीस वर्षं घरोघर जाऊन सुया टोचतेय, जखमा पुसतेय. आमच्याकडे दुखणं ज्याचं असतं, त्यालाच ते सर्वांत शेवटी कळतं. कळलं की माणूस हाय खातो म्हणे. मीही तेच मानत आले, तेव्हा आता साळसूदपणाचा आव आणत नाही. मी हो म्हटलं.

काका मात्र मोठे गोड. मी आले की ओरडायचे, "आला माझा डास! आज किती रक्त पिणार?"

"तुमच्यात रक्त आहे कुठे? नुसता चहा वाहतोय."

त्यांची एकुलती बहीण सनिय्या दमनहूरला, गाडीनं जेमतेम तासाभरावर. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला आणि काका मातमाला, दुखवट्याच्या बैठकीला, गेले नाहीत. का, तर ऑफिसात तपासणी होती! लग्नाला गेलं नाही तर लोक विसरतात, मातम कोणी विसरत नाही. 'स्वतः माझ्या दारात येऊन उभा राहील, तेव्हाच त्याला भाऊ म्हणेन,' असा तिनं निरोप धाडला. फोन केला तर आवाज ऐकून ठेवून द्यायची. काकाही हट्टी. आज जाऊ, उद्या जाऊ करत अकरा वर्षं घालवली.

रमजानच्या दहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी मी गेले, तर काका इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसलेले. पोटावरची बटणं लागत नव्हती, म्हणून वरून जाकीट ओढलेलं.

"दमनहूरला निघालोय," म्हणाले. "पायाच्या जखमेची पट्टी घट्ट बांध. वाटेत गळायला नको."

मी पट्टी हातात घेतली. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. "की ईदनंतर जाऊ? रिहाबचं मी ऐकत नाही, ती भित्री आहे. तू सांग. वजन चार किलो वाढलंय माझं. ईदपर्यंत आणखी सुधारेन ना?"

ते चार किलो म्हणजे पोटात साठलेलं पाणी होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, पायांवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. हातात फार तर दोन आठवडे होते, हे मला दिसत होतं. 'आजच जा काका, मी येते सोबत,' एवढं म्हणायचं होतं. पण त्यांच्या पाठीमागे रिहाब दारात उभी होती, हात जोडून, नकारार्थी मान हलवत.

"ईदनंतर जा, काका," मी म्हटलं. "आणखी चार किलो वाढू दे. हे असलं पिवळं तोंड दाखवणार का बहिणीला?"

ते हसले. "खरंच की! घाबरेल बिचारी." त्यांच्या शर्टाची बटणं मीच काढली. माझ्याच हातांनी.

जिन्यात मी रिहाबवर तडकले. "अगं, निदान आत्याला तरी बोलावून घे!"

"बोलावलं तर बाबा ओळखणार नाहीत का?" ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "अकरा वर्षं न आलेली बाई दारात दिसली की ते काय समजतील?"

तिचं खरं होतं. रुसलेल्या नातलगाला आमच्याकडे शेवटच्या घटकेलाच तर बोलावतात.

पुढच्या बुधवारी काकांना ग्लानी आली. मध्येच डोळे उघडून विचारलं, "ईदला किती दिवस?"

"चौदा, काका."

"मग जमेल," म्हणाले. शुक्रवारी दुपारी गेले.

मातमाच्या तिसऱ्या दिवशी सनिय्या आली. लहानखुरी बाई, नाक थेट काकांचं. रिहाब तिच्या गळ्यात पडली. "आत्या, सगळं अचानक झालं गं!" सनिय्यानं तिला थोपटलं आणि येऊन माझ्याशेजारी बसली.

"रोज येणारी ती तूच ना? माझं नाव काढायचा का तो?"

आणखी एक थाप सहज मारता आली असती, जीभ सरावलेली होती. पण माझ्याच्यानं ते झालं नाही. शर्टापासून चार किलोंपर्यंत मी सगळं सांगून टाकलं. "गुरुवारी तुमच्याकडे यायला निघाले होते ते. मी थांबवलं." तिनं माझ्या थोबाडीत मारावी, असं मला मनापासून वाटत होतं.

तिनं मारलं नाही. "कुठला गुरुवार?" एवढंच विचारलं.

"दहावा रोजा."

तिनं बोटांवर दिवस मोजले. "त्या दिवशी मी घरीच होते गं," ती म्हणाली. "उंबऱ्यात बसून भाजी निवडत होते. दार उघडंच होतं."

मग आत येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात धरून ती तेच सांगत राहिली. गुरुवारी मी घरीच होते, दिवसभर घरीच होते. मी शेजारी बसून ऐकत होते.